खाण्यासाठी घडवलेली प्रतिमा

नवरदेवाचा केक हा अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत लग्नाच्या मेजवानीत मांडला जाणारा दुसरा केक. पहिला, पांढराशुभ्र आणि मजल्यामजल्यांचा, वधूचा समजला जातो आणि त्याचे रूप फारसे बदलत नाही. दुसरा वराच्या नावाने ओळखला जातो, आतून बहुधा चॉकलेटचा असतो आणि त्याला वाटेल ते रूप घ्यायची मोकळीक असते: शिकारीचे बूट, गळाला लागलेला मासा, हरणाचे मुंडके, फुटबॉलचे मैदान, मगर, पिकअप ट्रक. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत हा केक सुक्या मेव्याचा, गडद रंगाचा असे. त्याचे तुकडे छोट्या डब्यांत घालून पाहुण्यांना देत, आणि अविवाहित मुलीने तो तुकडा उशाखाली ठेवला की होणारा नवरा स्वप्नात दिसतो अशी समजूत होती. इंग्लंडात ही चाल मागे पडली, दक्षिणेत ती टिकली आणि फोफावली. २०११ साली प्रिन्स विल्यमच्या लग्नात चॉकलेट-बिस्किटांचा वेगळा केक ठेवला गेला, तेव्हा वृत्तपत्रांना त्याची ओळख करून देण्यासाठी अमेरिकन प्रथेचेच नाव वापरावे लागले.

या केकचे सर्वांत गाजलेले उदाहरण सिनेमातले आहे. लुइझियाना राज्यात घडणाऱ्या ‘स्टील मॅग्नोलियाज’ (१९८९) या चित्रपटातील लग्नात वरपक्षाने आणलेला केक आर्माडिलोच्या आकाराचा आहे. आर्माडिलो हा टेक्सास-लुइझियानात रस्त्याकडेला दिसणारा, मांजराएवढा, पाठीवर चिलखत बाळगणारा सस्तन प्राणी. दिसायला तो आपल्याकडच्या खवल्या मांजराची आठवण करून देतो, पण त्याच्या कुळातला नाही. केकवर बाहेरून राखाडी आयसिंग आणि आत लालभडक रेड व्हेल्व्हेट. सुरी चालली की जनावर कापल्यासारखे दिसते, आणि प्रसंगातला सगळा विनोद त्या लाल रंगावर उभा आहे.

हसून झाल्यावरही एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो अमेरिकेपेक्षा व सिनेमापेक्षा पुष्कळ जुना आहे. जे खाण्यासाठीच घडवले त्याला प्रतिमा म्हणावे का? आणि प्रतिमा म्हणायचे ठरले, तर सुरी पडते ती नेमकी कशावर? यज्ञ, नैवेद्य, प्रसाद, मूर्तिपूजा आणि हिंसा यांचा विचार करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक परंपरेला हा प्रश्न कधी ना कधी पडला आहे. उत्तराकडे जाण्याआधी असा केक कसा तयार होतो हे पाहणे आवश्यक आहे, कारण प्रश्नाचे बरेचसे धागे घडणीतच आहेत.

शिल्पाकृती केकसाठी हलका, सच्छिद्र स्पंज चालत नाही. तो कोरताना भुगा होतो आणि वरच्या वजनाने बसतो. पाउंड केक, मड केक किंवा लोणी जास्त असलेला घट्ट केक घेतात. तो पूर्ण गार करून, बहुधा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून, थरांवर थर रचतात आणि मध्ये क्रीम किंवा गनाश, म्हणजे चॉकलेट-क्रीमचे मिश्रण, लावतात. मग दातेरी सुरीने कोरायला घेतात. कोरण्याचा नियम दगडाच्या मूर्तिकाराचाच आहे: काढलेले परत जोडता येत नाही, म्हणून थोडे-थोडे काढायचे. केकच्या कारागिराला तेवढी एक सवलत असते की उडालेला भुगा क्रीममध्ये कालवून खळगा बुजवता येतो. आर्माडिलोच्या गोल पाठीसाठी तीन-चार थर पुरतात. उंची साधारण दहा सेंटिमीटरच्या पुढे गेली की मध्ये पुठ्ठ्याची तबकडी आणि तिच्याखाली आधाराच्या काड्या लागतात; नाहीतर वरचा भार खालचा थर चेपतो आणि जनावर रात्रीतून पोट टाकून बसते.

कोरलेल्या केकवर क्रीमचा किंवा गनाशचा पातळ हात फिरवतात, म्हणजे भुगा जागीच बसतो. डार्क चॉकलेट दोन भाग आणि क्रीम एक भाग असे गनाश थंडीत दगडासारखे घट्ट होते, म्हणून शिल्पासाठी ते पसंत पडते. यानंतर फॉन्डंट. पिठीसाखर, ग्लुकोज, ग्लिसरीन, थोडी स्निग्धता आणि जिलेटीन किंवा डिंकासारखा बांधणारा पदार्थ यांची ही मऊ कणीक. कॉर्नफ्लोअरवर ती सुमारे तीन मिलिमीटर जाडीची लाटायची, एका दमात उचलून केकवर टाकायची आणि वरून खाली, बाजूने तळाशी, हाताच्या उष्णतेने बसवत न्यायची. उशीर झाला की वरचा पापुद्रा सुकून बारीक भेगा पडतात. कारागीर त्यांना हत्तीची कातडी म्हणतात. आर्माडिलोच्या बाबतीत ही चूक खपून जाते, वधूच्या केकवर मात्र नाही. पाठीवरचे पट्टे वेगळे कापून कौलांसारखे एकावर एक चढवतात. रंग आधी कणकेत मळतात, नंतर एअरब्रशने सावल्या देतात.

शेपटी, कान, नखे, लांबट नाक यांना केक उपयोगाचा नाही. एवढ्या बारीक भागाला तो स्वतःचेच वजन पेलत नाही. म्हणून त्यासाठी टायलोज पावडर घालून कडक केलेली गम पेस्ट, चॉकलेट आणि कॉर्न सिरपची मॉडेलिंग चॉकलेट, किंवा मार्शमॅलोत कालवून दाबलेल्या तांदळाच्या कुरमुऱ्यांचा गोळा वापरतात. मोठ्या कामात आत लाकडी दांडे आणि प्लास्टिकच्या नळ्याही असतात. या सगळ्याचा परिणाम असा की पाहणारा ज्याला ‘आर्माडिलोच्या आकाराचा केक’ म्हणतो, त्यातला चेहरा बहुधा केक नसतो. आर्माडिलो जिथे सर्वांत जास्त आर्माडिलो आहे तिथे केक सर्वांत कमी आहे, आणि जिथे केक भरपूर आहे तिथे प्राण्याचे नुसते ढोबळ पोट आहे. दोन्ही एकाच जागी भरभरून असणे साहित्याच्या स्वभावामुळे जमत नाही.

साखरेची शिल्पे ही नवी गोष्ट नाही. ट्रॅगकँथ डिंक, गुलाबपाणी आणि साखर यांच्या पेस्टची कृती सर ह्यू प्लॅट यांच्या १६०२ सालच्या इंग्रजी पुस्तकात आहे. मध्ययुगीन युरोपच्या राजमेजवान्यांत किल्ले, संत आणि प्राणी साखरेत उभे राहत. १५७४ साली फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री व्हेनिसला आला तेव्हा त्याच्यापुढे मांडलेली ताटे आणि हातरुमालसुद्धा साखरेचे होते. पुढे आंतोनँ कारेम (१७८४–१८३३) या फ्रेंच आचाऱ्याने वास्तुशास्त्राच्या ग्रंथांतील इमारतींची चित्रे पाहून मिठाईचे मनोरे उभारले आणि मिठाईकामाला वास्तुकलेची शाखा मानले. त्याचा दावा अनेकांनी विनोद म्हणून सोडून दिला. तो तितका हलका नाही. वजन, आधार आणि तोल यांचे गणित दोन्हीकडे एकच आहे.

तत्त्वज्ञांनी मात्र स्वयंपाकघराकडे बहुधा पाठच फिरवली. प्लेटोच्या ‘गॉर्जियास’मध्ये सॉक्रेटिस पाककौशल्याला कला मानायला तयार नाही. ती निव्वळ सवयीने आलेली हातोटी आहे आणि तिचे काम खुशामतीचे. वैद्यक शरीराचे हित पाहते, पाककौशल्य वैद्यकाचा वेश घेऊन जिभेला खूश करते. लहान मुलांपुढे वैद्य आणि आचारी यांची चढाओढ लावली तर वैद्य उपाशी मरेल, असे तो म्हणतो. ‘रिपब्लिक’च्या दहाव्या पुस्तकात आरोप चित्रकारावर आहे: ईश्वराने केलेला पलंग एक, सुताराचा त्याची नक्कल, चित्रकाराचा नकलेची नक्कल. पलंगाच्या आकाराचा केक केला तर त्याच्यावर दोन्ही आरोप एकदम लागू होतात. तो सत्यापासून दूर नेतो आणि वर जिभेचे लाडही करतो.

प्लेटोच्याच ‘सोफिस्ट’ या संवादात मात्र एक उपयोगी भेद सापडतो. अनुकरण दोन प्रकारचे: मूळ वस्तूची मापे जशीच्या तशी राखणारे, आणि पाहणाऱ्याच्या जागेवरून योग्य दिसावे म्हणून मापे बदलणारे. प्रचंड पुतळ्याचा वरचा भाग खरा ठेवला तर खालून तो लहान दिसतो, म्हणून शिल्पकार तो मोठा करतो. प्लेटोला दुसरा प्रकार संशयास्पद वाटतो. केकचा कारागीर रोज याच प्रकारात काम करतो. गनाश आणि फॉन्डंट मिळून अंगाला जाडी येते, म्हणून केक आधीच बारीक कोरावा लागतो; डोळे खऱ्यापेक्षा मोठे, पाय खऱ्यापेक्षा जाड ठेवावे लागतात. खरे माप सोडले नाही तर खरे दिसत नाही. यात फसवणूक पाहायची तर सगळ्या मूर्तिकलेतच पाहावी लागेल.

हेगेलने कलेच्या प्रांतातून रुची, गंध आणि स्पर्श यांना बाहेर ठेवले, कारण ही इंद्रिये वस्तूला तिच्या जागी स्वतंत्र राहू देत नाहीत. जीभ तर तिला संपवूनच जाणते. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन तत्त्वज्ञ कॅरोलिन कोर्समायर यांनी ‘मेकिंग सेन्स ऑफ टेस्ट’ (१९९९) या पुस्तकात याला उत्तर दिले. अन्नही अर्थ वाहते, दाखवते, सुचवते. प्रार्थनेतल्या दुमडलेल्या हातांचा आकार म्हणून सांगितला जाणारा प्रेट्झेल पाव हे त्यांचे एक उदाहरण. उत्तर योग्य आहे, पण हेगेलची अडचण त्याने संपत नाही. चित्र पाहून झाल्यावर चित्र उरते. केकचा अर्थ पूर्ण जाणायचा तर तो केक उरत नाही.

केक पाहणाऱ्याच्या मनात कोणते ज्ञान होते, याचे सर्वांत नेमके वर्णन नवव्या शतकातील काश्मीरच्या शंकुक या नाट्यमीमांसकाकडे मिळते. शंकुकाचा ग्रंथ हरवला आहे. त्याचे मत अभिनवगुप्ताच्या ‘अभिनवभारती’मुळे कळते आणि मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त ते थोडक्यात दिले आहे. रंगभूमीवर राम दिसतो तेव्हा प्रेक्षकाला ‘हा रामच आहे’ असे सम्यक् ज्ञान होत नाही. ‘राम वाटला, पण नाही’ असे मिथ्या ज्ञानही होत नाही. ‘राम असेल किंवा नसेल’ हा संशय नाही. ‘हा रामासारखा आहे’ ही सादृश्याची जाणीवही नाही. चित्रातला घोडा पाहून ‘घोडा’ म्हणावे तशी ही पाचवी, वेगळीच प्रतीती आहे. तिलाच चित्रतुरगन्याय म्हणतात. अभिनवगुप्ताचा गुरू भट्टतौत याला ही मांडणी पटली नाही, आणि रसाच्या उपपत्तीत ती पुढे मागे पडली. तरी केकपुरती ती चपखल बसते. लग्नाला आलेला पाहुणा ‘आर्माडिलो कापताहेत’ म्हणतो, आणि त्याला कोणी खोटारडा किंवा भोळा म्हणत नाही.

याच कसोटीने आणखी एक प्रकार वेगळा काढता येतो. २०२० च्या उन्हाळ्यात चपला, साबण, कांदे अशा वस्तूंवर सुरी फिरते आणि आतून केक निघतो अशा चित्रफिती जगभर फिरल्या. २०२२ साली नेटफ्लिक्सने ‘इज इट केक?’ हा स्पर्धेचा कार्यक्रमच काढला. तिथे परीक्षकाला फसवायचे असते. सुरी पडेपर्यंत मिथ्या ज्ञान किंवा संशय, पडल्यावर बाध, म्हणजे आधीचे ज्ञान खोटे ठरणे: दोरीवरचा साप उतरावा तसे सगळे एका क्षणात घडते. असा केक उघड झाला की त्याचे काम संपते. नवरदेवाचा केक पहिल्यापासून केक म्हणून मेजावर असतो. कारागिरी कच्ची असली तरी तो चालतो. आर्माडिलो थोडा डुकरासारखा दिसला तर उलट मजा वाढते. भ्रमाला हुबेहूबपणा लागतो, चित्रतुरगाला ओळखू येण्याइतके साम्य पुरते. हुबेहूबपणाची आजची हाव या दोन गोष्टींची गल्लत करते.

वेदान्ताने रूप आणि द्रव्य यांचा हिशोब वेगळ्या मार्गाने लावला. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक श्वेतकेतूला सांगतो की मातीचा एक गोळा जाणला की मातीचे सगळे विकार जाणले जातात. विकार हे नावापुरते, माती तेवढी खरी. ज्ञानेश्वरांपासून पुढे मराठी संतांनी सोने आणि दागिने यांच्या दृष्टान्ताने हेच पुन्हापुन्हा सांगितले. त्या हिशोबाने आर्माडिलो हे नाव, साखर-मैदा हे सत्य. दृष्टान्त इथे लागू पडतो, पण एका जागी अडतो. घडा फुटला की पाणी भरणाऱ्याचे नुकसान होते, कारण त्याला रूप हवे होते. केकचे रूप फुटते तेव्हा द्रव्याचा उपभोग सुरू होतो. रूप आणि द्रव्य दोन्ही हवे आहेत, फक्त एकानंतर एक. आणि पहिले नष्ट केल्याशिवाय दुसऱ्याला हात घालता येत नाही.

ख्रिस्ती धर्मशास्त्रात हाच संबंध नेमका उलटा सापडतो. कॅथलिक सिद्धान्तानुसार मिस्सामध्ये भाकरीचे बाह्य गुण, म्हणजे रंग, चव, आकार, जसेच्या तसे राहतात आणि तिचे अंतस्तत्त्व ख्रिस्ताच्या शरीराचे होते. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने हा विचार स्वीकारला, तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने त्याची बारीक मांडणी केली, १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने तो पुन्हा ठाम केला. १५२९ साली मारबुर्गला प्रोटेस्टंट धर्मसुधारक लूथर आणि झ्विंग्ली भेटले आणि भाकरी शरीर ‘आहे’ की शरीराचे ‘चिन्ह आहे’ यावर त्यांचे फाटले ते फाटलेच. शिल्पाकृती केकमध्ये बाह्य गुण सगळे बदलतात आणि अंतस्तत्त्वाला धक्काही लागत नाही. म्हणून तो पवित्र होत नाही. ज्या समाजात हे केक होतात तो बहुतांशी प्रोटेस्टंट, त्यातही बाप्टिस्ट आहे; त्यांच्या चर्चमध्ये भाकरी हे स्मरणाचे चिन्ह मानतात. खाद्यवस्तूच्या रूपाबद्दल एवढी मोकळीक त्यांना का वाटते याचे एक कारण तिथे असू शकते.

मेक्सिकोच्या मेशिका लोकांना अशी मोकळीक नव्हती. पँकेत्सालिस्त्लीच्या उत्सवात ते राजगिऱ्याच्या पिठाची उइत्सिलोपोच्त्ली या देवाची मूर्ती करत, विधिपूर्वक तिचा वध करत आणि तुकडे वाटून खात. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन साधू साहागुन याने त्याचे वर्णन नोंदवले आहे. स्पॅनिश धर्मोपदेशकांना त्यात आपल्याच संस्काराची सैतानी नक्कल दिसली आणि त्यांनी हे विधी बंद पाडले. महाराष्ट्रात उपासाला चालणारा राजगिरा त्याच अमेरिकी धान्याच्या कुळातला आहे. त्याच्या लाडवांना देवाचे रूप देण्याची कल्पना मात्र इथे रूढ झालेली दिसत नाही.

रूप खाल्ले म्हणजे काय होते, याचा सर्वांत कठोर विचार जैनांनी केला. यशोधराची कथा सोमदेवसूरीच्या ‘यशस्तिलकचंपू’त आहे. ९५९ सालचा हा ग्रंथ महाराष्ट्र-कर्नाटकावर सत्ता असलेल्या राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या कृष्णाच्या काळात लिहिला गेला. त्याच सुमारास मान्यखेटच्या पुष्पदंताने अपभ्रंशात आणि पुढे १२०९ मध्ये जन्नाने कन्नडमध्ये ती पुन्हा सांगितली. उज्जयिनीचा यशोधर राजा अशुभ स्वप्न पडल्याचे सांगतो. देवीला पशूंचा बळी दे, असे आई चंद्रमती सांगते. राजाला हिंसा नको असते. मायलेकांत वाद होतो आणि शेवटी पिठाचा कोंबडा करून तो देवीपुढे कापायचा अशी तडजोड होते. कोणाचाही जीव जात नाही. तरी त्या एका कृत्यापायी माता-पुत्र मोर, कुत्रा, मासा, बोकड, कोंबडा अशा योनींतून भटकतात आणि प्रत्येक जन्मी मारले जातात. कथेचा न्याय स्पष्ट आहे: हात पिठावर चालला, संकल्प वधाचा होता.

वैदिक परंपरेत याच साधनाकडे दुसऱ्या बाजूने पाहिले गेले. यज्ञात खऱ्या पशूऐवजी पिठाचा पशू वापरावा, हे मत माध्व संप्रदायाने उचलून धरले. पिष्टपशू हा त्यांना हिंसेतून सुटण्याचा मार्ग वाटला. म्हणजे पिठाचे तेच जनावर एका परंपरेत हिंसा टाळण्याचे साधन ठरते आणि दुसरीत हिंसेचा पुरावा. भांडण प्रतिमेच्या स्वरूपावर नाहीच. पीठ हे पीठच आहे, हे दोघांना मान्य आहे. कापताना मनात काय होते यावर त्यांचे मतभेद आहेत.

भारतात अन्नाच्या पाकिटावर हिरवे किंवा तपकिरी चिन्ह छापणे बंधनकारक आहे, आणि ते चिन्ह फक्त द्रव्याची खात्री देते. फॉन्डंटमध्ये जिलेटीन असेल, केकमध्ये अंडे असेल तर तो शाकाहारी नाही. म्हणून पुण्या-मुंबईच्या बेकऱ्यांत अंड्याशिवायचा केक आणि जिलेटीनविरहित फॉन्डंट यांना मोठी मागणी आहे. यशोधराची कथा लक्षात ठेवून पाहिले तर एक विचित्र वस्तू समोर येते: अंड्याशिवायचा, हिरव्या चिन्हाचा, कोंबडीच्या आकाराचा केक. चिन्ह त्याला निर्दोष ठरवते. सोमदेवसूरी ठरवणार नाही, निदान कोंबडी कापल्याचा आनंद घेत तो कापला जात असेल तर.

हा आक्षेप जुना म्हणून बाजूला सारता येत नाही, हे एप्रिल २०१२ मध्ये स्टॉकहोमच्या मोदेर्ना म्युझेत दिसले. माकोडे लिंडे या कलाकाराने काळ्या स्त्रीच्या धडाचा केक मांडला. मेजाला पाडलेल्या भोकातून त्याने स्वतःचे काळे रंगवलेले डोके त्या धडाला जोडले होते, आणि सुरी लागताच तो किंचाळत होता. विषय स्त्रियांच्या जननांगांच्या छेदनाचा होता. स्वीडनच्या सांस्कृतिक मंत्री लेना आडेलसोन लिल्येरोत यांनी त्यातला तुकडा कापला. भोवती हसणाऱ्या गोऱ्या पाहुण्यांची छायाचित्रे जगभर गेली आणि आफ्रो-स्वीडिश संघटनेने मंत्र्यांचा राजीनामा मागितला. कापला गेला तो केक. तरी ‘शेवटी केकच तर होता’ हे उत्तर कोणाला पुरले नाही, कलाकारालाही नसते पुरले. आर्माडिलोवर सुरी फिरते तेव्हा लोक हसतात, माणसाच्या रूपावर फिरते तेव्हा अंगावर काटा येतो. केकचे द्रव्य दोन्हीकडे तेच असल्यामुळे फरक द्रव्यात शोधून उपयोग नाही. तो त्या रूपाशी पाहणाऱ्यांचे आधीपासून जे नाते आहे त्यात असतो, आणि आर्माडिलोशी कोणाचे जुने देणे नाही.

संकल्पावर दोष ठरवायचा तर संकल्प कोणाचा, हाही प्रश्न येतो. कथेत सुचवणारी आई, कापणारा राजा. कोंबडा घडवणाऱ्या कारागिराला कोणी विचारत नाही. अमेरिकेत विचारले गेले. कोलोरॅडोतील मास्टरपीस केकशॉपच्या मालकाने २०१२ मध्ये समलिंगी जोडप्यासाठी लग्नाचा केक करायला धर्मश्रद्धेचे कारण देऊन नकार दिला. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जून २०१८ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी निकाल मालकाच्या बाजूने लागला; पण आधार मर्यादित होता, की राज्याच्या आयोगाने त्याच्या धर्माकडे तटस्थपणे पाहिले नाही. केक करणे म्हणजे बोलणे आहे का, हे न्यायालयाने मोकळे सोडले. न्यायमूर्ती केगन यांच्या मते मागितलेली वस्तू होती साधा लग्नाचा केक, न्यायमूर्ती गोर्सच यांच्या मते समलिंगी विवाहाचा केक. वस्तू एकच, वर्णनावर मतभेद. त्याच वर्षी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाला उत्तर आयर्लंडच्या खटल्यात हे कोडे पडले नाही, कारण तिथे केकवर शब्दच लिहून हवे होते. शब्द असले की बोलणारा सापडतो. रूपाच्या बाबतीत कारागीर, मागवणारा आणि कापणारा यांच्यात अर्थ वाटला जातो, आणि वाटण्या नेहमी समान पडत नाहीत.

मराठी वाचकाला या ठिकाणी गुळाच्या गणपतीची म्हण आठवेल: त्याचाच गूळ काढून त्यालाच नैवेद्य. म्हणीत टोमणा आहे, पण तिच्यामागची कल्पना साधी आहे. मूर्ती आणि नैवेद्य एकाच द्रव्याचे असले तरी पूजेत त्यांच्या जागा वेगळ्या. पार्थिव गणपतीच्या विधीत ही काळजी आणखी स्पष्ट दिसते. मातीच्या मूर्तीत प्राणप्रतिष्ठा होते आणि पाण्यात सोडण्यापूर्वी उत्तरपूजा होते. विसर्जन होते ते देवत्व परत गेलेल्या मातीचे, म्हणून बुडवण्यात अवमान नाही. प्रतिमेचा शेवट विधीने आधीच करून ठेवलेला असतो. नवरदेवाच्या केकसाठी लग्नात असा विधी नाही, पण त्याच्या जागी काहीतरी घडताना दिसते. कापण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे निघतात, नवरदेव सुरी घेऊन उभा राहतो, पहिला काप सर्वांसमोर होतो. त्यानंतर केक आत नेऊन वाढपी चौकोनी तुकडे पाडतात आणि तेव्हा कोणी बघत नाही. बशीत येतो तो रेड व्हेल्व्हेटचा तुकडा, वर राखाडी पापुद्रा. त्याला आर्माडिलोचा तुकडा म्हणणे थट्टेपुरते राहते. प्रतिमा खाल्ली जात नाही. पहिल्या कापानंतर थोड्याच वेळात ती विरते आणि खाल्ले जाते ते उरलेले द्रव्य. फॉन्डंट अति गोड लागतो म्हणून अनेक पाहुणे तो सोलून बशीच्या कडेला ठेवतात. चवीने घेतलेला हा निर्णय नकळत तत्त्वालाही धरून आहे, कारण रूप त्या तीन मिलिमीटरमध्येच होते.

उलट टोकाचे उदाहरण डमी केकचे. दुकानाच्या काचेत आणि अनेक स्पर्धांत थर्मोकोलच्या ठोकळ्यावर फॉन्डंट चढवून काम मांडतात. आत केक नसल्याने ते बसत नाही, बुरशी येत नाही, दमट हवेपासून जपले तर वर्षानुवर्षे टिकते. परीक्षक कौशल्य पाहतात, आणि कौशल्य खरेच तेवढेच असते. पण अशी वस्तू कापण्याची कोणाला भीती वाटत नाही आणि हौसही वाटत नाही. ती साखरेची मूर्ती आहे, आणि मूर्तींना लागू पडणारे सगळे जुने विचार तिला बदल न करता लागू पडतात. शंकुकाचा घोडा, यशोधराचा कोंबडा आणि स्टॉकहोमचे मेज हे तिन्ही एकत्र आठवावे लागतात ते फक्त तिथे, जिथे पाहुण्यांना आत खरा केक आहे हे माहीत असते आणि सुरी शेजारीच ठेवलेली असते.